काचेवरचं बोट

चाळीस वर्षं खिळे जुळवले मी
मोहननगरच्या मिशन छापखान्यात.
बोटांनाच कळायचं, हा क, हा ख,
उलटा, गार, शिशाचा.
वेलांटी कुठल्या खणात, रफार कुठल्या,
लाइन गेली तरी ओळ थांबत नसे.

आता ही काच.
जेमिमानं सीताबर्डीहून आणली,
काळी, पाटीएवढी.
म्हणाली, पप्पा, आत सगळं शास्त्र आहे,
मराठी, हिब्रू, ग्रीक,
शब्दावर बोट ठेवा, मुळापर्यंत जातं.

ठेवलं.
काही झालं नाही.
पुन्हा ठेवलं, जरा दाबून.
"आबा, तिला वाटते हे लाकूड आहे,"
अशेर म्हणाला.
खरंच आहे. शिशानं खाल्ली ही बोटं,
रॉकेलनं धुतली.

मग सवयीनं बोट जिभेला लावलं,
पान उलटताना लावतो तसं,
तर काच अशी सुटली
की मिसर देशातून थेट वंशावळीत,
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा,
आणि मी अंगठ्यानं थांबवतोय
पळतं गाव.
पोट्टं हसून हसून गादीवर लोळलं.

मे महिना. वाळ्याचा वास. पत्रा सत्तेचाळीसवर.
घामाचा एक थेंब पडला
आणि त्यानं माझ्याआधी एक वचन उघडलं.
ते काही लागू पडलं नाही.
उगाच कशाला सांगू.

हळूहळू जमलं म्हणा.
दोन बोटांनी ताणलं की अक्षर मोठं होतं.
आम्हाला त्यासाठी नवा टाइप मागवावा लागे
मुंबईहून, दोन महिने.
जोडाक्षरं नीट आहेत. एका ठिकाणी रफार घसरलाय,
कोणाला सांगावं?

बुधवारच्या अभ्यासाला सदरला नेतो.
पाळक अध्याय सांगतात
आणि पानांची ती सळसळ होत नाही,
कोण आधी काढतं ही चुरस नाही.
कुमुद जिंकायची. नेहमी.
जिंकली की माझ्याकडे बघायची नाही,
मुद्दाम.

तिचं पुस्तक ट्रंकेत आहे.
लाल पेन्सिलीच्या रेघा, समासात बारीक अक्षर:
हे आज नाही पटलं.
दळण दहा किलो. याकोबाने असं करायला नको होतं.
डॉक्टर मंगळवारी, उपाशीपोटी.

काचेत वरती एक भिंग आहे, शोधायला.
'पाणी' लिहिलं, ढीगभर जागा.
'विहीर', 'भाकर', 'परदेशी', सगळं चुटकीसरशी.
'कुमुद' लिहिलं.
काही सापडलं नाही, म्हणाली काच.
स्पेलिंग तपासा.

स्पेलिंग!
चाळीस वर्षं मी जगाची तपासली.

आता रोज रात्री जेवण झालं की एक पान.
डावीकडे तिचं पुस्तक, उजवीकडे काच.
बोट ओल्या फडक्याला टेकवतो, मग तिला.
जिथे तिने ओढली तिथेच रेघ ओढतो.
लाल चार तऱ्हेचे आहेत, तिचा त्यात नाही,
जवळचा घेतला.
टिपा शब्दशः उतरवतो,
दळणासकट.

काल 'उपाशीपो'पर्यंत आलो आणि लाइन गेली.
कूलर घरघरत थांबला. गल्ली गप्प.
डावीकडचं पुस्तक दिसेना,
मांडीवर काच तेवढी उजळ,
बत्तीस टक्के.
जेमिमानं आतून विचारलं, झोपले का?

बोट दुसरी वेलांटी शोधत होतं.