शिल्लक

तालमीची वही मीच लिहितो, बावीस वर्षं.
शेगड्या दुरुस्त करून झाल्या की रात्री,
मारुतीसमोरच्या ट्यूबखाली.
यंदाची जमा बरी होती:
घरटी पाचशे,
गुजरीतल्या दोन पेढ्यांच्या मोठ्या पावत्या,
आणि रंजनाक्का इंगवल्यांनी न मागता दिलेले एकवीसशे,
त्यांचा सुहास एकेकाळी आपल्याकडनं
सात नंबर घालून खेळायचा म्हणून.

खर्च:
मडगावचा स्ट्रायकर, राहणं-खाणं धरून.
इंफाळचा विंगर. त्याला तांबडा रस्सा सोसला नाही,
दोन दिवस डॉक्टर, तीही पावती आहे.
तीन चौकांत फलक, ‘यंदा कप पेठेतच’,
त्यावर कोपऱ्यात माझाही फोटो, चष्म्यासकट.
गुलाल, चाळीस किलो.

सामने नऊ झाले. गोल चार.
त्यातला एक समोरच्या बॅकनं
स्वतःच्याच जाळीत घातलेला,
तोही आम्ही नाचून घेतला.
गोवेकर वाईट नव्हता. बॉल पायाला चिकटायचा,
फक्त सुटायचा तो पोस्टकडंच.
पाचव्यांदा टण्ण झालं तेव्हा गॅलरीतनं कोणतरी ओरडलं,
‘भावा, घंटाच बांधूया की तिथं!’
सगळं स्टेडियम हसलं. तोही हसला.
त्याला मराठी येत नव्हतं.

बॅकलाइनला मी पन्हाळ्याचा तट म्हणालो होतो,
माइकवर, जर्सीवाटपाच्या दिवशी.
तट हलत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

सेमीफायनल. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट.
इंद्रजित चौगले जिथं असायला हवा तिथंच पोचला,
अर्धा श्वास उशिरा.
पहाटे तो शिरोलीच्या फाउंड्रीतनं सुटला होता,
पापण्यांत भट्टीची काजळी तशीच.
त्याचा एका रात्रीचा खाडा भरून द्यायचा
विषय बैठकीत निघाला होता.
मग तिसऱ्या चौकाचा विषय निघाला.

तौफिक शिकलगार उजवीकडं झेपावला.
बॉल डावीकडनं गेला,
काही घाई नसल्यासारखा.

रात्री कट्ट्यावर फॉरवर्ड म्हणाले, बॅकनी खाल्लं.
बॅक म्हणाले, फॉरवर्डनी उपाशी ठेवलं.
इंद्रजित काही बोलला नाही.
डबा घेऊन शिफ्टला गेला.

वही मिटताना एक पोतं उरलं,
एकतीस किलो, ओल लागून खडे झालेले.
दुकानदार परत घेत नाही.
जमेला धरावं की खर्चाला,
पेन उघडं ठेवून बसलो. शाई वाळली.

आज सकाळी पोरांनी ते पोतं फोडलं.
चुना नव्हता, म्हणून गुलालानंच आखली
पेनल्टीची चौकट,
बोळाच्या डांबरावर, वाकडीतिकडी.
तौफिकची पुतणी हिना, वय वर्षं सात,
चार पावलं मागं गेली,
फ्रॉक वर खोचला,
धावत येऊन मारला.
चौकटीवरनं, पानाच्या टपरीवरनं,
बॉल सरळ मिसळवाल्याच्या पातेल्यात.

तो बोंबलत बाहेर आला.
पोरं गुलाबी पायांनी पांगली.

खर्च: मिसळीचा कट,
एक पातेलं.