पाचवी कमान

आखाजीला ताई सावद्याला आली, बरोबर रेवती.
बाकीच्या पोरी निंबाच्या झोक्यावर,
ही भर दुपारी माझ्या दुकानात, हातात गाडी.
पांगाऱ्याची, वीतभर, वाळल्या भाकरीसारखी हलकी.
चाकं बाजारातली, काळी.
म्हणाली, मामा, हिला खांदे लाव.

मला कळेना.
तिनं चाकांवर बोटानं
हवेत कमानी काढल्या. चार.

रविवारी नेहेते सरांची शर्यत.
केळीच्या ट्रकला लावतात ती लांब फळी
ओट्यावरून तिरपी खाली.
इंजिन नाही, ढकलायचं नाही,
गाडीनं आपल्याच वजनानं यायचं.
वजन दीडशे ग्रॅम. वर गुंजभर चालणार नाही.

शेजारचा जगन वेल्डर हसला:
चिखल नाही, पानी नाही, मंग मडगार्ड कायले?
खरं होतं त्याचं. वजन वाढणार, वारा अडणार.
रेवती म्हणाली,
उघडी चाकं मला बघवत नाहीत.

मग काय.
पांगाऱ्यातच गोल करवत घातली,
कडं काढलं, मधोमध चिरलं.
अंगठ्यानं नुसतं दाबलं
तर माथ्यावर काडकन.
रेघा आडव्या आल्या होत्या तिथं.
लाकूड गोल कापता येतं, रेघ गोल होत नाही.
तेहतीस वर्षं हे ठाऊक आहे मला,
तरी दर वेळी एकदा मोडून बघतो.

मग सागाच्या फळीवर रंधा.
लांब पापुद्रे निघाले, कुरडईसारखे कुरळे.
चहाच्या पातेल्यात उकळले
(त्याबद्दल घरात ऐकून घेतलं)
आणि पाइपावर वाकवले, तीन तीन थर,
मधे फेव्हिकॉल,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून.
सेहेचाळीस डिग्रीत गोंद
आपण शिंकेपर्यंत धरतो.
चार कमानी झाल्या. पाचवी केली, असावी म्हणून.

आतून पॉलिश पेपर, पेन्सिलीला गुंडाळून.
चाक आणि कमान यांच्या मधे
पोस्टकार्ड सरकेल इतकीच जागा हवी.
पोस्टकार्ड गल्लीत कुणाकडेच मिळालं नाही.
लग्नपत्रिका मिळाली. तिनं काम झालं.

रविवारी सकाळी विसपुते सोनारांच्या काट्यावर
एकशे त्रेपन्न.
विसपुते चश्म्यावरून बघत म्हणाले,
सोनं असतं तर तीन ग्रॅमसाठी मी उठून उभा राहिलो असतो.
काढू का गं मडगार्ड?
ती बोलली नाही. गाडी उलटी केली
आणि पोटावर बोट ठेवलं.
तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून
पटाशीनं पोट कोरलं, मूठभर भुसा.
एकशे पन्नास.

बोरोल्यांच्या मयूरची गाडी सुरीसारखी, सपाट.
ती पहिली येणार हे फळीलाही माहीत होतं.
रेवतीची पाचवी आली, सातांत.
मागचं डावं चाक घासत होतं;
लग्नपत्रिकेएवढी जागा उन्हानं खाल्ली होती.

पण फळी जिथं संपते तिथं
पाण्याचा टँकर पहाटेपासून गळत उभा.
काळ्या मातीचा रबडा, कुणी बघितलाच नव्हता.
साती गाड्या त्यात घुसल्या.
सहांच्या पाठीवर चिखल, रंग दिसेना,
मयूरनं शर्टानं पुसली तर अजून पसरला.
रेवतीची वर कोरडी.
तिनं गाडी उलटी करून
कमानींच्या आतला चिखल सगळ्यांना दाखवला,
जगनला दोनदा.

परवा ती नंदुरबारला गेली.
आतला चिखल पुसू दिला नाही,
बुटाच्या खोक्यात तसाच वाळत गेला.

पाचवी कमान अजून माझ्या फळीवर आहे.
जगन येतो, चहा घेतो,
कमान उचलून अंगठ्यावर बसवतो,
काढतो,
पुन्हा बसवतो.
बोलत काही नाही.