सहावा रकाना

शारजात, रोला चौकाच्या मागच्या गल्लीत
घड्याळवाल्याला लागून माझं टायपिंगचं दुकान.
सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज भरतोय.
माझं बोलायचं अरबी भाजीबाजारातलं,
टंकायचं मात्र सरकारी, बिनचूक.

रिब्ही मास्तर दर दोन वर्षांनी येतात.
गणित शिकवतात. जन्म कुवेतचा,
एक्क्याण्णवला तिथून निघाले, एका गाडीत सात माणसं.
वडिलांचं गाव लिद्द. ते यांनी पाहिलेलं नाही.
एवढं सगळं अर्जात मावत नाही,
सहावा रकाना एका शब्दाचा आहे.

पहिल्या वर्षी मी सरळ लिहिलं, फलस्तीन.
पुढच्या खेपेला खिडकीतला पोरगा म्हणाला,
असं नको, इजिप्तचा प्रवासदाखला लिही.
मग कॉम्प्युटर आला, त्यात यादी आली.
मास्तर त्यात कधी प्रदेश झाले, कधी प्राधिकरण,
एक साल नुसतेच इतर.
त्या साली मी बाण खाली खाली नेत राहिलो,
फिलिपिन्स गेलं, व्हेनेझुएला आला,
अरबी क्रमाने मध्ये जे यायचं ते आलंच नाही.
(माझ्या स्वतःच्या अर्जात
हा रकाना मी न बघता भरतो.)

समोर कुन्हालीच्या चहाच्या दुकानात टीव्ही.
आधी म्हणायचे, जमीन परत द्या, मग हात मिळवू.
मग म्हणाले, हात तर मिळवू, जमिनीचं बघू.
मध्ये काही वर्षं
नुसतेच तोफांचे आवाज, आणि चहा निवायचा.

यंदा दूरदूरच्या राजधान्यांनी मान्यता दिली म्हणे.
यादीत नाव आलं, पूर्ण, ठळक.
मी मास्तरांना पडदा वळवून दाखवला.
त्यांनी चष्मा पुसला. विचारलं, फी तीच ना?

मग म्हणाले, कीबोर्ड दे इकडे.
एका बोटाने, शाळकरी पोरासारखी,
सहा अक्षरं दाबली त्यांनी.
एकही उमटेना.
यंत्र म्हणालं, कृपया यादीतून निवडा.

पुन्हा दाबली. पुन्हा तेच.
हसले. माझ्याच पेनाने
पावतीच्या पाठीवर सहा अक्षरं लिहिली
आणि म्हणाले, यावर शिक्का मार.

शिक्का दुकानाचाच, त्याला कोण विचारतो.
मी मारला.
पावती त्यांनी वरच्या खिशात घातली, गेले.
नंतर लक्षात आलं,
शिक्क्यातली तारीख
मी सकाळी फिरवलीच नव्हती.