मुळं धुणारी

माझं काम मुळं धुण्याचं.
सकाळी आठला चाळणी, टब, नळाचं थंडगार पाणी
आणि डाउवेच्या शेतातली गव्हाची रोपं,
ओल्या गोणपाटात गुंडाळून आलेली.
पांढरं मूळ म्हणजे निरोगी. काळं म्हणजे काडीमार.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं.

ही जमीन माझ्याहून लहान.
मी सात वर्षांची होईतो इथे बोटी चालत,
बाबा इथेच ईल पकडत.
मग बांध घातला, पंप लावले, समुद्र उपसला,
चिखलातून वर आल्या
कुठल्याशा गलबताच्या बरगड्या, आणि शिंपले, शिंपले.
या मातीत कुणी पेरलं नव्हतं, कुणी पुरलेलं नव्हतं.
लोक म्हणाले, पाटी कोरी आहे, रोग येईल कुठून?

गव्हाच्या दुसऱ्याच वर्षी आला.
जूनच्या हिरव्या रानात पांढऱ्या ओंब्या,
चोळल्या तर आत दाणा नाही.
रोप ओढलं की अलगद हातात,
खालून काळं, दौतीत बुडवल्यासारखं.
तिसऱ्या वर्षी निम्मं रान गेलं.

"बीट लावा," साहेब म्हणाले, "गव्हाला सुट्टी द्या."
शेजारच्या टिम्मरने लावलं.
डाउवे म्हणाला, "गहूच."
का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.
त्याची बायको येल्स्के त्या हिवाळ्यात
त्याच्याशी बोलेना, माझ्याशीही नाही;
मी केंद्राची, म्हणजे साहेबांची.

चौथ्या वर्षी टबात हात घातला
तर पांढरी मुळं.
वाटलं, चिठ्ठ्या बदलल्या.
पुन्हा धुतली. पांढरीच.
मधेच एखादा काळा डाग, जागच्या जागी थांबलेला,
टीपकागदाच्या कडेशी शाई थांबते तसा.

रोग गेला नव्हता.
त्याच्याभोवती कुणीतरी जमलं होतं.
साहेबांनी भिंगाखाली दाखवलं:
जखमेतून पाझरणाऱ्या रसावर
जिवाणूंची ही दाटी.
जखमेवर पोसलेले, म्हणून जखमेची राखण करणारे,
काडीमाराला सोसणार नाही असं काही
अंगातून सोडणारे.
तीन हंगाम आजारी मुळांनी त्यांना जेवू घातलं होतं.
आम्ही तेवढं नुकसान मोजत होतो.

साहेबांना पटेना.
त्यांनी ती माती तासभर वाफवली,
रोग कालवला, गहू पेरला. काळा.
मग त्याच मातीत कच्ची माती मिसळली,
येल्स्के ताकासाठी विरजण घेते
तेवढीच, चमच्याने.
पांढरा.

बातमी फुटली. टिम्मर ढकलगाडी घेऊन आला,
नजर न उचलता म्हणाला, "थोडी माती."
येल्स्केने दोन गाड्या भरून दिल्या,
पैसे घेतले नाहीत,
गाडी मात्र पुन्हा आत आणायची तर धुऊन, म्हणाली.
टिम्मरच्या रानाचं काय झालं, मला नीट सांगता येणार नाही.
दोन वर्षं त्याची मुळं धुतली,
काही पांढरी, काही काळी.
कुंडीत जे होतं ते रानात होतंच असं नाही.

डाउवे गेला. मुलाने, रोमकेने,
बटाटे लावले, मग गवत, मग कांदे.
सहा वर्षांनी पुन्हा गहू.
तोवर मातीला काही आठवत नव्हतं.
पहारेकरी उपाशी राहून पांगले होते.

परवा त्याचा फोन आला, "पांढऱ्या ओंब्या. औषध कुठलं?"
म्हटलं, "गहू पेर."
"आणि मग?"
"पुन्हा गहू."
"किती वर्षं?"
मी सांगितलं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही,
नळ वाहत होता, कुणीतरी हात धूत असावं.

त्याने काय पेरलं, मला ठाऊक नाही.
यंदा जूनमध्ये
त्या रस्त्याने जायचं मी टाळलं.