अर्धा चोक

आई टीव्हीत आहे. पहिल्या रांगेत, डावीकडून चौथी.
निळा कोट तिचा नाही, डॉरिट मावशीचा,
खांद्यात सैल, ते इथूनही कळतं.
तिकडे राजधानीत दिवे लागलेत,
आमच्या मिनेसोटाच्या खिडकीत अजून ऊन आहे,
इतकं की पडद्यावर आईच्या चेहऱ्यावरून
आमचाच सोफा दिसतो, आणि त्यावर मी.

बाबा गेले नाहीत.
तिकीट आलं होतं, हॉटेल फुकट होतं,
प्रायोजकाचं नाव छापलेली पिशवी, तीत कागदी रुमालांची तीन पाकिटं.
"गवत वाढलंय," एवढंच म्हणाले,
आणि आता जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
कार्ब्युरेटर उघडून बसलेत.
घरभर पेट्रोलचा वास. आई असती तर चाललं नसतं.

व्हायोलिनं थांबतात. एक नटी पुढे येते.
तिला आम्ही पोलिसांच्या मालिकेत पाहिलंय,
तिथे ती कधी रडत नाही.
"माझा मुलगा एल्डन," ती म्हणते,
आणि न विचारता कुणी घरात शिरावं तसं होतं मला.
"माझा मुलगा एल्डन दर रविवारी फोन करायचा."
बाबांचा ब्रश थांबतो.
"दर रविवारी नाही," ते कार्ब्युरेटरला सांगतात.

छान बोलते ती. खरंच.
थांबायचं कुठे, श्वास घ्यायचा कुठे, तिला ठाऊक आहे.
आई तर वाक्य अर्धं टाकून भांडी घासायला उठते.
फेब्रुवारीत त्यांची एक मुलगी आली होती रेकॉर्डर घेऊन,
बर्फात अडकली म्हणून दोन रात्री राहिली.
आईनं तिला सगळं सांगितलं,
त्यानं माझी सायकल परस्पर विकली तेसुद्धा.
सायकल आली का, मी वाट बघते.
सायकल येत नाही.

"शेवटच्या फोनवर तो म्हणाला,"
नटीचा आवाज खाली उतरतो,
"आई, तू जागी असतेस ना, मग मला झोप लागते."

फोन मी उचलला होता.
बाबांना दे, म्हणाला.
बाबांचे हात तेलात, म्हणून मी स्पीकर लावून धरून उभी.
सात मिनिटं दोघं गवत कापायच्या यंत्राबद्दल बोलले.
"म्हातारं झालंय ते, चोक अर्धाच ठेवा,
पूर्ण ओढता म्हणून गुदमरतं."
मग लाइन तुटली की त्यानं ठेवला,
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.
आई अंडी आणायला गेली होती.

मी चिडून बाबांकडे बघते. हे कुणी लिहिलं?
ते टीव्हीकडे बघतायत, संध्याकाळपासून पहिल्यांदा.
कॅमेरा आईवर आहे.
तिचे ओठ हलतायत,
नटीच्या अर्धा श्वास आधी,
एकही शब्द न चुकता.

बाबा उठतात, टीव्हीचा आवाज वाढवतात,
हात न पुसता.
बटणावर काळा अंगठा उमटतो.
"तिला एकही फोन मिळाला नव्हता," म्हणतात,
आणि परत स्क्रू शोधायला लागतात.

पुढे सैन्याचा बँड, झेंडे,
एक लहान मुलगी कुणाच्या तरी मांडीवर झोपलेली.
सगळे उभे राहतात, तेव्हा आई उशिरा उठते,
कोटाची बाही खुर्चीत अडकते.

साडेनऊला, काळोखात,
बाबा यंत्र अंगणात काढतात.
पहिला हिसका. दुसरा.
शेजारच्या स्कोगनच्या ओसरीवर दिवा लागतो,
पण कुणी ओरडत नाही.
तिसऱ्याला ते सुरू होतं, खोकत, मग सरळ.

त्या आवाजात फोन ऐकूच येत नाही आधी.
"पाहिलंत?" आई विचारते.
मी बाबांना देते.
"पाहिलं," ते म्हणतात, यंत्र बंद करून.
पलीकडून बराच वेळ काही नाही,
मग काहीतरी बारीक, मला ऐकू न आलेलं.

"छान दिसत होता," बाबा म्हणतात.
"अगदी मापाचा."