दीडकी

नारिंगी जाकिटाच्या पाठीवर लिहिलंय ‘सोबत’.
म्हणजे इंग्रजीत लिहिलंय, मी वाचते तसं.

रात्री नऊ ते दीड
लायब्ररीच्या दारापासून ज्याच्या त्याच्या दारापर्यंत
आम्ही पोचवतो पोरापोरींना, मी आणि तारास.
शिट्टी विद्यापीठाची, वॉकीटॉकी विद्यापीठाची,
मोजे आपापले.

तारास इथलाच, सॅस्काटूनचा.
त्याचे खापरपणजोबा युक्रेनहून आले गहू पेरायला.
उणे एकतीसला तो म्हणतो, आज जरा गार आहे,
आणि रस्त्यानं असा चालतो
जसं कुणी आपल्याच घरात अंधारात
पाणी प्यायला उठावं.

पहिल्या आठवड्यात सुरक्षेचा एक तास झाला होता.
गणवेशातल्या बाई म्हणाल्या,
एक कान मोकळा ठेवा, किल्ली बोटांत धरा,
उजेडाउजेडातून जा,
कुणाशी तरी फोनवर बोलतोय असं दाखवा.
मी उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
जिथे उजेडच नाही तिथे काय,
हे विचारायचं राहिलं.

गुरुवारी गुलनूशला सोडलं.
शिराझची. मातीवर संशोधन करते,
जी माती ऑक्टोबरपासून कुणाला दिसलेली नाही.
वाटभर ती फोनवर फारसीत बोलत होती,
भांडली, हसली, मध्येच लाडात आली.
मला तीन शब्द कळले:
जमीन. हवा. दरवाजा.

तळघराच्या पायरीवर आपोआप दिवा लागला
आणि तिनं फोन कानावरून काढला.
काळाकुट्ट.
थंडीनं केव्हाच मेलेला.

वीस मिनिटं ती कुणाशीच बोलत नव्हती.
आमच्यामुळे.
नारिंगी जाकिटातली दोन अनोळखी माणसं,
त्यातला एक सहा फुटी.

मला दिसलं. मला दिसल्याचं तिला दिसलं.
मी म्हटलं, गुड नाइट.

दीडला जाकीट खुंटीला अडकवायचं.
पोचवणाऱ्यांना पोचवायला कुणी नसतं.
तारास गाडीची काच खरवडत विचारतो, सोडू का?
मी नको म्हणते.
तारास चांगला आहे, त्याचं आडनाव, गाडीचा नंबर
मी आईला कळवून ठेवलेत.
तरीही नको म्हणते.

पुलावर माझाही फोन मरतो.
मग मी तो कानाला लावते आणि मोठ्यानं, खडसावून,
दीडकी म्हणते.
बाबांनी झेरॉक्सच्या दुकानात बसवून घोकून घेतली होती,
काळ कुठला, पोरगी कुठली, दीडकी कशाला,
सगळं हसायचं गिऱ्हाईक.

एक दीड दीड. बे दिडे तीन.
तीन दिडे साडेचार, काय म्हणतोस! चार दिडे सहा, येच तू!
मागे बर्फ करकरतो.
माझ्या पावलांत एक पाऊल जास्तीचं ऐकू येतं.
पाच दिडे साडेसात, हो, दिसतेय मला गाडी तुझी,
सहा दिडे नऊ.
सातावर मी लहानपणापासून अडते.
साती दिडे... साती...
मागची करकर थांबते.
वळते तर पूल रिकामा, खाली गोठलेली नदी,
आणि माझ्याच वाफेचा एक ढग.
होतं का कुणी? मी अजून सांगू शकत नाही.
साडेदहा. साडेदहा. साडेदहा.

खोलीत चार्जर लावला की फोन डोळे उघडतो.
साडेअकरा तास पुढे आईचं जेवण झालेलं असतं.
‘पोचलीस?’
‘पोचले.’
त्या पलीकडे आम्ही दोघी काही लिहीत नाही.

मंगळवारी गुलनूश पुन्हा आली, फोन आधीच कानाला.
तारास काही न बोलता
दहा पावलं पुढे जाऊन चालू लागला,
दोन्ही हात खिशाबाहेर, दिसतील असे,
एवढ्या थंडीत.
त्यालाही दिसलं होतं तर.

मग मीही माझा फोन काढला.
ती फारसीत कुणाला तरी दटावत होती.
मी आठी दिडे बारा, नवे दिडे साडेतेरा.
मध्येच ती थबकली, माझ्याकडे बघितलं,
आणि कुणाशीच बोलत नसलेल्या त्या फोनमध्ये
खुदकन हसली.