उपवासाची वही

कमवा आणि शिका योजनेत मला
ग्रंथालय मिळालं नाही, मेस मिळाली.
रात्री आठला वही घेऊन बसायचं,
उद्या कोण जेवणार नाही ते लिहायचं,
म्हणजे कौसाबाईला कळतं
भाकरी किती थापायच्या.

जालन्याबाहेर, सळयांच्या कारखान्यांपलीकडे
आमचं विद्यापीठ. दारात निळ्या शालीतली मारिया,
तिच्या पायाशी मोसंबीची चार झाडं.
टँकर नेमका तिच्यासमोर उभा राहतो,
म्हणून मुनीरभाई हॉर्न वाजवत नाहीत.

पहिल्या दिवशी सिस्टर लिस्सीनं नाव वाचलं,
सलोमी त्रिभुवन, आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.
मी म्हणाले, सिस्टर, मी वैजापूरकडची.
आमच्या देवळात येशू मराठीच बोलतो
आणि तबल्यावर माझा काका असतो.
मागून कुणीतरी म्हणालं,
ही ख्रिश्चन वाटत नाही.
मला अजून कळलेलं नाही
वाटायचं म्हणजे नेमकं कसं असतं.

वहीत असं काही विचारत नाहीत.
महेक कासलीवाल : दिवे लागल्यावर नाही, कांदा कधीच नाही.
ऋतुजा टकले : चतुर्थी. साबुदाण्यानं पित्त होतं,
भगर असेल तर कळवणे.
एलिस केरकेट्टा, थेट झारखंडहून : शुक्रवारी मटण नाही.
(मटण इथं सोमवारीही नसतं, पण तिनं लिहायला लावलं.)
प्रज्ञाशीला खिल्लारे : कुठलाच उपवास नाही.
खाली दोन रेघा, आणि सही.

टेबलं वेगवेगळीच आहेत, खोटं कशाला बोलू.
पंख्याखाली गाड्यांतून येणाऱ्या,
खिडकीशी हिंदी, दाराशी मल्याळम,
नळाजवळ आम्ही.
वार्षिक अंकातल्या फोटोत मात्र
फादरांनी आम्हाला कालवून बसवलं होतं
आणि हसायला सांगितलं होतं.
फोटो झाल्यावर ज्याची त्याची ताटं उचलून
सगळ्या परत गेल्या.

त्या वर्षी राखेचा बुधवार आणि पहिला रोजा
पाठीला पाठ लावून आले.
माझ्या कपाळावर राख, निखतच्या हातात खजूर,
आणि कौसाबाई डोक्याला हात लावून म्हणाली,
माय, कामून गं सगळ्यांचे देव
एकाच महिन्यात उपाशी?

मला काळजी केसर राठोडची होती.
तांडा मंठ्याकडचा, बीएस्सी दुसरं वर्ष.
सोमवार तिचा, मंगळवार तिचा,
गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी.
सिस्टरनं विचारलं, सलोमी, या मुलीचा देव कोणता?
मी म्हणाले, असेल एखादा कडक.
न घेतलेल्या ताटामागे बत्तीस रुपये परत मिळतात
हे नोटीस बोर्डवर होतंच.
परीक्षेची फी कधी भरायची, तेही.

मग एका पहाटे साडेचारला
मी सहेरीची ताटं मोजायला उतरले.
निखत सय्यद. तिच्या बीडच्या दोन मैत्रिणी.
आणि ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली केसर,
गरम भाकरीवर पिठलं, तोंडात घास,
मला बघून चावायची थांबलेली.
निखत म्हणाली, बसते आमच्यात. लिही ना तूच काहीतरी.
कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही,
तवा फक्त जरा जोरात आपटला.

मी लिहिलं : केसर राठोड, रोजा.
दुपारचं ताट नाही, रात्रीचं नाही.
अक्षर माझंच, तरी हात जरा अडला.

महिनाअखेरीस सिस्टर लिस्सी सह्या करत होती.
त्या ओळीवर तिनं चष्मा काढला,
काच पुसली, पुन्हा घातला.
मल्याळममध्ये स्वतःशीच काहीतरी म्हणाली,
प्रार्थना असेल किंवा शिवी,
मला ती भाषा येत नाही.
मग सही केली,
आणि विचारलं,
ईदला ही मुलगी घरी जाणार,
की इथंच जेवणार?